थकबाकीची संध्याकाळ

आज तुम्हाला एकाच कुटुंबाबरोबर तीनदा जेवायला जायचं आहे. तिन्ही वेळा निघायचं ते ट्रॉम्बेहून. तिन्ही वेळा खिशातले पैसे वेतन आयोगाच्या थकबाकीचे. जेवायची जागा मात्र दर खेपेला उंचावर आणि समोर दिसणारी मुंबई आधीपेक्षा मोठी. पहिल्या खेपेला तुम्ही या घरातले वडील व्हाल, दुसऱ्या खेपेला आई, तिसऱ्या खेपेला मुलगी. हातातला मोबाइल ठेवून द्या. पहिल्या दोन ठिकाणी त्याचा काही उपयोग नाही.

फेब्रुवारी १९७४, मलबार हिल

डोळे उघडायच्या आधीच वास येतो. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचा उग्र वास, ट्रॉम्बे कोळीवाड्यात वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचा खारा वास आणि या दोन्हींच्या खाली ओहोटी लागलेल्या खाडीचा चिखल. तुम्ही चौतीस वर्षांचे आहात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आलात आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात ट्रेड्समन म्हणून लागलात. कामाची जागा 'सायरस'. ही अणुभट्टी १० जुलै १९६० ला सुरू झाली. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत ती उभी आहे, आणि तिचा घुमट घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधूनही दिसतो. अंगावर किती किरणोत्सार आला त्याची नोंद ठेवणारा फिल्म बॅज पाळी संपताना तुम्ही जागेवर ठेवून आला आहात. कामाबद्दल घरी बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. तुम्ही ते आजवर पाळलं आहे.

आज मात्र घरी सांगण्यासारखं काही आहे. तिसऱ्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली. नवे पगार १ जानेवारी १९७३ पासूनचे, हुकूम निघाले ते वर्ष सरत आल्यावर, त्यामुळे मधल्या महिन्यांचा फरक एकरकमी मिळाला. रेशन, दूध, मुलीचं औषध, गावची मनीऑर्डर हे सगळं महिन्याच्या पगारातून गेलेलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या पाकिटात असे पैसे आहेत ज्यांच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

"सोनं घेऊ या," बायको म्हणते. सोनं वर्षभरात इतकं चढलंय की दहा ग्रॅमला सुमारे ५०० रुपये पडतात.

"घेऊ. पण आधी एक संध्याकाळ बाहेर जेवू. मलबार हिलला, नाझमध्ये."

तिला पटायला वेळ लागतो, आणि त्याला कारण आहे. १९७२ चा दुष्काळ अजून लोकांच्या अंगावरून उतरलेला नाही. रेशनवर मिळालेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या लालसर भाकऱ्या तिने थापल्या आहेत. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या लाटणे मोर्चात ती शेजारणींबरोबर गेली होती. "मोर्चाला गेलेल्या बाईने महिन्याभराच्या तेलाचे पैसे एका रात्रीत खर्चायचे?" ती विचारते. प्रश्न खरा आहे. तुमच्याकडे त्याचं हिशेबी उत्तर नाही. तुम्ही एवढंच म्हणता, "या शहरात आल्यापासून तू सगळं पाहिलंस ते रांगेत उभं राहून. एकदा बसून बघ."

ती कपाट उघडते. लग्नातली नारायणपेठी बाहेर निघते.

मानखुर्द हे हार्बर मार्गाचं टोक आहे. खाडीपलीकडे अजून रूळ गेलेले नाहीत, त्यामुळे गाडी रिकामी मिळते आणि चार वर्षांच्या मुलीला खिडकी. गोवंडी, चेंबूर, कुर्ला, चुनाभट्टी. वडाळ्यानंतर शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, नुसती गोदामं आणि मालगाड्यांचे फाटे. या बाजूची मुंबई कष्टाची आहे. ती कुणी पाहायला येत नाही. व्हीटीला उतरून तुम्ही टॅक्सीला हात करता आणि बायको तुमच्या बाहीला हलकेच ओढते. ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोल भडकलं आहे आणि हे तिला तुमच्याइतकंच माहीत आहे. पण फियाटचं दार उघडलेलं असतं. आज बसायचंच ठरलेलं आहे.

कमला नेहरू पार्कात मुलगी म्हातारीच्या बुटात शिरते आणि बाहेर यायला तयार होत नाही. तिला कडेवर घेऊन तुम्ही शेजारच्या नाझ कॅफेत येता. इथे एकावर एक गच्च्या आहेत, आणि जितकं वर बसाल तितके दर चढे. खाली बसलं तरी समुद्र दिसतोच. तुम्ही सर्वांत वरचं टेबल मागता. मागताना आवाज थोडा मोठा होतो, कारण असं काही मागायची सवय नाही.

कटलेट येतात, सँडविच येतं, मुलीसाठी आइस्क्रीम. बायको काटा-चमचा हातात घेऊन पाहते, मग खाली ठेवते आणि हाताने खाते. कुणी वळून बघत नाही. सूर्य तुमच्या पाठीमागे, डोंगराच्या पलीकडे बुडतो. समोर चौपाटी राखाडी होते. मग मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात आणि सगळी वळणदार किनार एका नजरेत येते. पार टोकाला नरिमन पॉइंट. समुद्रात भराव घालून केलेल्या त्या जमिनीवर इमारती उगवायला नुकतीच सुरुवात झाली आहे: गेल्या वर्षी उघडलेलं ३५ मजल्यांचं ओबेरॉय टॉवर्स, त्याच्याजवळ एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची नवीकोरी इमारत. पुढची पन्नास वर्षं सिनेमात आणि कॅलेंडरांवर मिरवणारी मुंबईची आकाशरेषा तुमच्या डोळ्यांदेखत उभी राहते आहे.

"एवढे दिवे," ती म्हणते. "कोण भरत असेल बिल?"

या विषयावर बोलायला तुम्हाला मनाई नाही. तुम्ही खुर्ची तिच्याकडे सरकवून सांगू लागता. या भागात वीज वाटते बेस्ट, पण ती विकत घेते टाटांकडून. टाटांची काही वीज येते घाटाखालच्या खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या पाण्यावरच्या केंद्रांतून. उरलेली येते ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातून. ते १९५६ पासून चालू आहे, तुमच्या रोजच्या बसच्या रस्त्यापासून फार लांब नाही. तिथे इंधन जळतं, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, आणि ती वाफ पुन्हा थंड करायला आपल्या खाडीचं पाणी लागतं.

"म्हणजे हे सगळं आपल्या शेजारी पेटतं आणि इथे उजळतं?"

"हो."

ती पुन्हा समोर बघते. आता तिची नजर बदललेली आहे. मघाशी ती कुणाच्या तरी घरची रोषणाई बघत होती. आता ती आपलं काही बघते आहे.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून या टेबलावर तुम्हाला एकट्याला काही गोष्टी माहीत आहेत. याच महिन्यात, मागच्या बाजूच्या समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं आहे. पुढे तेच तेल समुद्राखालच्या नळातून ट्रॉम्बेला येईल. आणि तीन महिन्यांनी, १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताचा पहिला अणुस्फोट होईल. त्यातलं प्लुटोनियम सायरसमध्ये तयार झालेलं असेल. ज्याच्या जागी तुम्ही बसला आहात त्या, कॉफी ढवळणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की भट्टी नीट चालली पाहिजे.

बिल येतं. ती मनातल्या मनात भागाकार करते. "पाऊण ग्रॅम सोनं," ती म्हणते. मग थोड्या वेळाने, "पण हे चोरीला जायचं नाही."

नोव्हेंबर १९८६, चर्चगेट

आता तुम्ही आई आहात. वय चाळीस. पाटल्या झाल्या, शिलाई मशीन झालं, मुलगी अकरावीत गेली. दिवाळी नुकतीच सरली आहे आणि फराळाच्या डब्यांत चिवड्याचा चुरा तेवढा उरला आहे.

वर्ष काळजीचं गेलं. एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं आणि नातेवाइकांची पत्रं सुरू झाली: तुमच्या तिकडे काही होणार नाही ना? त्याआधी दीडेक वर्ष भोपाळ झालं होतं. तेव्हापासून चेंबूर-ट्रॉम्बेच्या बायकांना खत कारखान्यातल्या अमोनियाची चर्चा भाजी निवडतानाही करता येऊ लागली. अवेळी भोंगा वाजला की तुम्ही आधी खिडकी बंद करता आणि मग घड्याळ पाहता. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "आमच्याकडे सगळं तपासून होतं." त्याच्यावर तुमचा विश्वास आहे. झोप मात्र विश्वासाने येत नाही, सवयीने येते.

बारा वर्षांपूर्वीची एक सकाळ तुम्हाला आठवते. पोखरणची बातमी वर्तमानपत्रात आली होती. नवरा नेहमीसारखा दाढी करत होता. तुम्ही काही विचारलं नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन रवा भाजायला घेतलात आणि शिरा केलात. त्याने तो खाल्ला, तोही काही बोलला नाही. तुमच्या संसारातलं ते सर्वांत लांब संभाषण होतं.

आणखीही एक आठवण आहे, ती बोचते. अणुकेंद्राच्या जवळ जनता कॉलनी होती. हजारो कुटुंबं तिथे राहत होती. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती वस्ती पाडली आणि माणसं चीता कॅम्पला नेऊन टाकली. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्या महिन्यात आली नाही. नंतर आली ती दुप्पट चालून. ट्रॉम्बेने शहरासाठी काय काय सोसलं याचा हिशेब मांडायचा झाला तर तो फक्त सरकारी क्वार्टरमधून मांडून चालणार नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं.

चौथ्या वेतन आयोगाचे पगार १ जानेवारी १९८६ पासूनचे. सर्वांत खालच्या पायरीचा पगार आता ७५० रुपये झाला आहे. थकबाकी आली त्या संध्याकाळी नवरा बँकेच्या मुदतठेवीचे व्याजदर वाचून दाखवत होता. या वेळी तुम्हीच म्हणालात, "ठेवू. पण आधी जेवायला जाऊ. चर्चगेटला ते फिरतं हॉटेल आहे ना, तिथे."

अँबॅसॅडर हॉटेलची लिफ्ट वर जाते. माथ्यावर गोल दालन, चहूकडे काचा. तुम्ही बसता आणि मुलगी म्हणते, "फिरत तर काहीच नाहीये." जरा वेळाने तुम्हाला दिसतं: पलीकडच्या टेबलावरचा माणूस जागचा हलला नाही, पण त्याच्या खांद्यामागची इमारत बदलली. जमीन इतकी सावकाश फिरते की पाण्याचा ग्लासही थरथरत नाही.

मेन्यूकार्ड जाडजूड, इंग्रजी. मुलगी वाचून दाखवते. तुमची नजर सारखी उजवीकडच्या आकड्यांकडे जाते. शेवटी तुम्ही त्या रांगेवर तळवा ठेवता आणि फक्त डावीकडची नावं ऐकता. अशी निवड तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा करता आहात: स्वस्त काय ते न बघता, खावंसं काय वाटतं ते बघून. पापलेट मागवता. येतं ते पांढऱ्या सॉसमध्ये, काटे काढलेलं. ट्रॉम्बेच्या कोळणीकडून घेतलेलं ताजं पापलेट तुम्ही वर्षानुवर्षं खात आला आहात, त्यामुळे हा मासा किती दिवसांचा आहे हे तुम्हाला पहिल्या घासाला कळतं. चांगला आहे. तुम्ही मान डोलावता तेव्हा वेटरही हसतो.

बाहेर शहर सरकतं. आधी समुद्र आणि मरीन ड्राइव्ह. मग नरिमन पॉइंट, आता उंच इमारतींनी गच्च भरलेला. मग ओव्हल मैदानाचा काळोख आणि त्याच्या कडेला राजाबाई टॉवर. त्यामागे शेअर बाजाराची २९ मजली इमारत. आणि मग, सूप संपून मासा अर्धा झालेला असताना, तुमचं टेबल पूर्वेकडे तोंड करतं.

गोदीतल्या जहाजांच्या दिव्यांपलीकडे, ईशान्येला, आभाळाच्या तळाशी तांबूस उजेड आहे. नवरा चमचा खाली ठेवतो. "ते आपण," तो म्हणतो.

फिरत्या जागेचा हा मोठा गुण. समुद्राकडची खिडकी आणि मागची खिडकी असा भेद तिथे उरत नाही. शहराने पाठ केलेल्या दिशेचीही पाळी येते, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही म्हणता ते नवीन ५०० मेगावॅटचं युनिट, म्हणजे नेमकं किती?" १९८४ च्या सुरुवातीला टाटांचा पाचवा संच ट्रॉम्बेला सुरू झाला. एकट्याने ५०० मेगावॅट वीज देणारा हा देशातला पहिला संच. नवरा खिशातून पेन काढतो आणि कागदी रुमालावर शून्यं मांडू लागतो. १०० वॉटचा एक दिवा, असे ५० लाख दिवे. मुलगी आकडा बघते, मग काचेबाहेर बघते, मग पुन्हा आकडा. तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं तुम्ही पाहता. घरात टेबलाशी बसून पाठ केलेली गोष्ट आत्ता तिला खरी वाटली आहे. एवढ्यासाठी हे जेवण महाग म्हणता येणार नाही.

सोनं दहा ग्रॅमला सुमारे २,१०० रुपये आहे. बिल बघून तुम्ही सांगता, "दीड ग्रॅम." नवरा विचारतो, "जास्त झालं का?" तुम्ही कागदी रुमालाची घडी पर्समध्ये ठेवता आणि म्हणता, "नाही."

ऑक्टोबर २०१६, वरळी

आता तुम्ही मुलगी आहात, वय शेहेचाळीस. भाभा अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. बाबा शहात्तर वर्षांचे, आई सत्तरची. सातव्या वेतन आयोगाने किमान पगार १८,००० रुपये केला आणि जानेवारीपासूनची थकबाकी ऑगस्टच्या पगाराबरोबर मिळाली. बाबांच्या पेन्शनचाही फरक आला. त्यांनी तो तुमच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. तुम्ही घेतला नाहीत.

"या वेळी मी नेणार," तुम्ही सांगितलंत.

चेंबूरहून तुम्ही मुद्दाम मोनोरेल घेता. ती फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि अजून वडाळ्यापर्यंतच जाते. 'फर्टिलायझर टाउनशिप', 'भारत पेट्रोलियम' अशा नावांची स्टेशनं लागतात. उंचावरून रिफायनरीच्या टाक्या, नळांचं जाळं, मनोरे आणि त्यांच्यावरचे शेकडो दिवे काचेजवळून जातात. ट्रॉम्बे-माहुलचीही एक आकाशरेषा आहे आणि ती तुम्ही काही रुपयांच्या तिकिटात पाहता. आई बोट दाखवत कोणत्या कारखान्याचं नाव पूर्वी काय होतं ते सांगते: एस्सो, बर्मा शेल. बाबा नाक मुरडतात. वास अजून तोच आहे. गेल्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं की माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून धोका आहे. तुम्ही लहानपणापासून ज्याला नुसता वास म्हणत आलात, त्याला आता कागदावर धोका म्हटलं गेलं.

वडाळ्याहून टॅक्सी. परळ, लोअर परळ. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ज्या गिरण्या थांबल्या त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे आहेत. बाबांचा एक मावसभाऊ गिरणीत होता. बाबा खिडकीतून चिमण्या शोधतात, एखादी सापडते.

वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलच्या दारात गाडीची डिकी उघडून तपासतात, बॅगा यंत्रातून जातात. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत हे अंगवळणी पडलं आहे. बाबांनी पांढरा फुल शर्ट इस्त्री करून घातलाय, आईने नारायणपेठी, तीच. लिफ्ट ३४ व्या मजल्याला थांबते. इथे 'एअर' नावाचं रूफटॉप रेस्टॉरंट. डोक्यावर छप्पर नाही, वारा थेट अंगावर. संगीत जोरात आहे आणि बहुतेक माणसं तुमच्या निम्म्या वयाची. क्षणभर तुम्हाला वाटतं, यांना इथे आणायला नको होतं.

बाबा कठड्यापाशी जातात आणि तुमची शंका मिटते. पाळीवर हजर झाल्यासारखे ते एका टोकापासून बघायला सुरुवात करतात. खाली महालक्ष्मी रेसकोर्सचा मोठा काळा लंबगोल. त्याच्या पलीकडे ताडदेवचे इंपीरियल जुळे मनोरे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला २००९ मध्ये उघडलेल्या सागरी सेतूच्या दिव्यांच्या तारा. जवळच श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन हा टॉवर बांधला जातो आहे, तुमच्या गच्चीच्याही वर गेलेला. १९७४ मध्ये बोटांवर मोजता येणारे टॉवर होते. आता बाबा मोजणं सोडून देतात.

आई मेन्यूकार्ड उघडते आणि तिचा तळवा आपोआप उजवीकडे जातो. तुम्ही त्यावर आपला तळवा ठेवता. ती कबाब सांगते, एक गोड पदार्थ सांगते, आणि वेटरला विचारते, "पापलेट ताजं आहे?"

मग बाबा म्हणतात, "पूर्व कुठे?"

तुम्ही त्यांना गच्चीच्या दुसऱ्या बाजूला नेता. परळच्या दोन टॉवरांच्या फटीतून, दूर, लाल दिव्यांची एक उभी ओळ उघडमीट करते आहे. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राचं धुराडं, २७५ मीटर. तुम्ही उभ्या आहात त्या छतापेक्षाही खूप उंच. शहरात इतकं बांधकाम झालं, तरी बाबांच्या शेजारघरचा खांब अजून डोकं वर काढून उभा आहे. त्याच्याच आसपास कुठेतरी सायरसचा घुमट असणार. तो अंधारात आहे. ३१ डिसेंबर २०१० ला सायरस कायमची बंद झाली. त्या दिवशी बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी संध्याकाळी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, "सगळं नीट झालं ना?"

"त्या वेळी तुझ्या आईला दाखवता आलं नव्हतं," बाबा आता सांगतात. "नाझवरून ट्रॉम्बे दिसत नाही. मी नुसतं तोंडाने सांगितलं."

आई म्हणते, "मला दिसलं होतं."

टेबलावर परत आल्यावर तुम्ही विचारता, इतक्या वर्षांत कुणी शहरातल्या माणसाने तुम्हाला कधी विचारलं का, हे दिवे कुठून येतात? बाबा विचार करून मान हलवतात. त्यांच्या आवाजात तक्रार नसते. तुम्हाला मात्र ते लागतं. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या गावांनी वर्षानुवर्षं बारा-बारा तासांचं भारनियमन काढलं. मुंबईत दिवे राहिले, कारण शहराच्या उंबऱ्यावर एका वस्तीने धूर, वास आणि भीती पत्करून वीज पिकवली. या गच्चीवर बसलेला प्रत्येक जण ज्या देखाव्याचे पैसे मोजतो आहे, तो देखावा ट्रॉम्बेच्या खाडीकाठी जळणाऱ्या इंधनावर उभा आहे. मग त्या खाडीकाठच्या माणसाने इथे संकोचाने का बसावं?

सोनं दहा ग्रॅमला सुमारे ३०,००० रुपये. बिलाचं पाकीट बंद असतानाच आई अंदाज करते, "तीन ग्रॅम तरी." तुम्ही उघडून बघता. तीनच.

यापुढे

तुम्ही परत आपल्या काळात आला आहात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली. म्हणजे अणुशक्तीनगरात, रेल्वे वसाहतींत, टपाल खात्याच्या क्वार्टरांत पुन्हा एकदा थकबाकीची संध्याकाळ येणार आहे, आणि पुन्हा तोच वाद होणार आहे: सोनं, ठेव, की जेवण.

मराठी घरांत चैनीला अपराधाची किनार असते. आपल्या आईवडिलांनी पै-पै वाचवून आपल्याला उभं केलं, त्यामुळे एका रात्रीच्या जेवणावर हजारो रुपये गेले की काहीतरी उधळल्यासारखं वाटतं. ती काटकसर मोलाची आहे, तिच्यावरच ही घरं उभी राहिली. पण तिने एक चुकीची समजूतही आपल्यात रुजवली: उंचावरून शहर बघणं हे दुसऱ्या कुणाचं आहे, आपण फक्त ते चालवायचं. या कुटुंबाने तीनदा ती समजूत मोडली. नाझ कॅफे गेल्या शतकाच्या शेवटी बंद झाला, सायरस थंड झाली, गिरण्यांचे टॉवर झाले. त्या तीन संध्याकाळी मात्र अजून त्यांच्या नावावर आहेत, आणि तिन्ही मिळून सव्वापाच ग्रॅम सोन्यात झाल्या.

तेव्हा सोनं जरूर घ्या, ठेवही ठेवा. त्याआधी एक टेबल राखून ठेवा, घरातल्या ज्या माणसाने सगळ्यात जास्त रांगा लावल्या त्याच्यासाठी. दर त्याला दिसू देऊ नका. आणि वेटर समुद्राकडची जागा दाखवायला लागला तर त्याला सांगा, एकदा पूर्वेकडेही बघायचं आहे. का ते त्याने विचारलं तर सांगा. त्यालाही कळू दे, त्याच्या हॉटेलातले दिवे कुठून येतात.